बन्सीचा सा

छगन भिंगारदिवे साधी चप्पल घ्यायला निघाला, तरी बन्सी साळवेला हाक मारल्याशिवाय भिंगार सोडायचा नाही. चप्पल छगनच्या पायात जायची, पण ती बरी की वाईट हे बन्सीनं सांगायचं, अशी दोघांत लहानपणापासूनची रीत. लग्नाची मुलगी पाहायला गेले तेव्हाही बन्सी पुढे आणि नवरदेव मागे. सुरेखा अजून म्हणते, "मला वाटलं, पुढं बसलाय त्योच नवरा. हो म्हणून बसले, आन् पदरात हे पडले." त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार घ्यायला छगननं बन्सीला बोलावलं, यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल हे, की बन्सी आला.

कारण गेलं वर्षभर तो कुठेच येत नव्हता.

बन्सी म्हणजे भिंगारच्या गायन पार्टीचा गळा. जयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो, कुणाच्या घरी नामकरण असो, बन्सी साळवेची पार्टी म्हटलं की माणसं जेवण आटोपून आधी जागा धरायची. गाणी स्वतः रचायचा आणि स्वतः गायचा. आवाज चढा, पेटीच्या पांढरी चार पट्टीचा. नगरपासून श्रीगोंद्यापर्यंत असं गाव नसेल, जिथे तो आवाज पाराच्या पलीकडच्या घरात जाऊन पोचला नाही.

आणि पार्टीची एक पद्धत होती. कार्यक्रमाआधी स्टेजच्या मागे सगळे गोळा व्हायचे, बन्सी डोळे मिटायचा आणि सा द्यायचा. त्यावरून पेटीवाला पट्टी धरायचा, ढोलकीवाला ढोलकी चढवायचा, छगन आपल्या साध्या गिटारीच्या तारा पिळायचा. वाद्यानं गळ्याकडून सूर घ्यायचा, गळ्यानं वाद्याकडून नाही. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. "बन्सी, सा दे," हे वाक्य छगन असं म्हणायचा, जसं दुसरा एखादा पंगतीत म्हणेल, जरा मीठ दे.

मग बन्सीच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी काढली, साधीच निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. बोलणं परत आलं. पण आवाज जो खाली उतरला तो वर यायचं नाव घेईना. घोगरा, जाड, विहिरीतून आल्यासारखा. तरी हट्टानं तो श्रीगोंद्याकडच्या एका कार्यक्रमाला उभा राहिला. पेटीवाल्यानं खालची पट्टी धरून दिली, बन्सीनं तोंड उघडलं आणि पहिल्या ओळीलाच मांडवात चुळबुळ सुरू झाली. पट्टी बदलली. ती चुळबुळही बदलली, वाढली. पुढच्या रांगेतून कुणीतरी अगदी सहज, वाईट वाटून, म्हणालं, "बेसूर झाला की ओ."

बन्सी स्टेजवरून उतरला तो उतरलाच. त्यानंतर त्यानं गाणं सोडलं, पार्टी सोडली आणि हळूहळू छगनच्या ओट्यावर यायचंही सोडलं. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसायचे, ती जागा आता कुत्र्यानं धरली होती.

हेच छगनला खुपत होतं. लष्कराच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून तो नुकताच निवृत्त झाला होता. घरात लेक सायली म्हणाली, "पप्पा, आता हौसेचं काहीतरी घ्या." छगननं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, इलेक्ट्रिक गिटार. सगळे हसले. पण त्याच्या मनात वेगळंच शिजत होतं. त्याला वाटत होतं, पेटी आणि ढोलकीच्या गलक्यात बन्सीचा नवा आवाज बुडतो. त्याच्या खाली एक लांब, मऊ सूर धरून ठेवणारं वाद्य असेल तर बन्सी पुन्हा गाईल. निदान एकदा. हे त्यानं बन्सीला सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर तो आलाच नसता.

"मला काय कळतंय गिटारीतलं," बन्सी रिक्षात बसताना पुटपुटला.

"चपलंतलं तरी काय कळत हुतं?" छगन म्हणाला.

आता छगनला तरी गिटारीतलं काय कळत होतं, ते सांगायला हवं. लहानपणी एकदा तो कॅम्पातल्या ऑफिसर लोकांच्या क्लबच्या कुंपणाशी उभा होता. आत कसलासा समारंभ चालू होता, आणि अचानक आतून एक सूर आला. तारेचाच होता. पण तारेचा सूर छेडला की विरतो, हे त्याला एकतारीवरून माहीत होतं, आणि हा विरतच नव्हता. भिंतीतून, झाडांतून, छगनच्या बरगड्यांतून तो सूर जात राहिला. पोरगं श्वास धरून उभं होतं, सूर संपला की श्वास सोडू म्हणून. शेवटी श्वास आधी संपला. शिपायानं हाकललं तेव्हा विचारून घेतलं, "ते काय हुतं वो?" शिपाई म्हणाला, "करंटवरची गिटार."

पुढे नोकरी लागल्यावर भिंगारच्या बाजारात त्याला एक जुनी साधी गिटार मिळाली. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या सामानातली, अर्ध्या तारा गेलेली. तारा आणल्या, पण लावायच्या कशा हे सांगायला कुणी नव्हतं. छगननं आपल्याला ठाऊक होतं तसं केलं. बन्सीकडून सा घेतला आणि तंबोऱ्यासारख्या तारा लावल्या, सा, प, सा आणि वर पुन्हा तेच. सगळ्या तारांवर एक बोट आडवं ठेवायचं आणि ते वर-खाली सरकवायचं, की बन्सीच्या गाण्याची चाल निघे. रीतसर शिकून वाजवणारी मुलं त्यानं मोबाईलवर पाहिली होती. त्यांची चार बोटं चार दिशांना पळायची. छगनला वाटायचं, ती वरच्या वर्गातली, आपण एका बोटाच्या पहिलीत. आपली गिटारच वेगळी लागली आहे, हा संशय त्याला उभ्या जन्मात आला नव्हता.

नगरला दिल्ली गेटच्या आत वाद्यांचं ते दुकान आहे. बाहेरून पाहिलं तर टाळ, पखवाज आणि पेट्या. पण मागच्या खोलीचं दार ढकललं आणि छगन उंबऱ्यातच थांबला.

भिंतभर गिटारी टांगल्या होत्या. काळ्या, पांढऱ्या, निळ्या, एक तर सूर्य मावळताना आभाळ होतं तशी, कडेला तांबडी आणि मध्ये पिवळी. सगळ्यांच्या अंगावर दिव्याचा उजेड. पोकळ पोट एकीलाही नव्हतं, सगळ्या भरीव लाकडाच्या. इतका नितळ रंग छगननं फक्त परेडच्या दिवशी ऑफिसरच्या गाडीवर पाहिला होता. त्यानं नकळत चप्पल काढली.

"काका, चप्पल असू द्या," आतून एक मुलगी म्हणाली. ती ज्ञानेश्वरी, दुकानदाराची लेक. दुकानही सांभाळायची आणि कॉलेजच्या बँडमध्ये गिटारही वाजवायची. "कुणासाठी बघताय? मुलासाठी?"

"मलाच," छगन म्हणाला आणि लाजला.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. "मग बसा. कुठली आवडली?"

छगननं लाल गिटारीकडे बोट केलं. गर्द लाल, दोन शिंगांची. ज्ञानेश्वरीनं ती उतरवली, वायर लावली, आवाज मोठा करणाऱ्या पेटीएवढ्या अँपचं बटण फिरवलं. काही न छेडताच खोलीत एक बारीक गुणगुण उठली. मग तिनं एकच तार छेडली आणि तिच्यावर बोट दाबून ठेवलं.

छगननं बन्सीचा दंड धरला.

तोच होता. कुंपणापलीकडचा. पायाखालच्या फरशीतून वर आला आणि पोटात जाऊन थांबला. विरला नाही. ज्ञानेश्वरीनं बोट किंचित हलवलं, तसा तो सूर भरून आलेल्या माणसासारखा थरथरला आणि पुन्हा सरळ झाला. छगनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याला त्याची लाज वाटली नाही. आयुष्यात एकदा ऐकलेली गोष्ट खरीच होती, आपण ती रचून सांगत नव्हतो, याचाच त्याला केवढा आनंद झाला होता.

"आता तुम्ही," ती म्हणाली आणि गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

ती चांगलीच जड होती. छगननं हात पुसले, बोट आडवं ठेवलं आणि बन्सीच्या गाण्याची चाल काढली. जे निघालं ते ऐकून तो स्वतःच दचकला. दोन मांजरं एका पोत्यात घातल्यासारखा आवाज, आणि तोही करंटवर. त्यानं बोट सरकवलं. मांजरं तीन झाली.

"ही न्हाई जमत," तो म्हणाला. "दुसरी द्या."

दुसरी काळी होती. तेच. तिसरी पांढरी. तेच. पुढच्या पेट्यांच्या खोलीतलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. छगनचे कान तापले. इतकी वर्षं पार्टीत बसलो, लोकांनी ऐकून घेतलं, टाळ्या दिल्या, आणि खऱ्या वाद्यावर आपल्याला एक ओळ येत नाही? आणि आपण निघालो होतो बन्सीला आधार द्यायला. त्यानं पांढरी गिटार अलगद खाली ठेवली.

"चल गड्या," तो बन्सीला म्हणाला. "आपलं काम न्हाई हे."

बन्सी इतका वेळ स्टुलावर गप्प बसला होता. आता त्याच्या कपाळावर आठी आली. "थांब जरा," तो म्हणाला. "तुझं बोट बरुबर पडतंय. मी बघतोय. वाजतंय चुकीचं."

ज्ञानेश्वरीही छगनच्या बोटाकडेच पाहत होती. "काका, घरी तारा कशा लावता?"

"कशा म्हंजी? लावतात तशाच. सा, प, सा."

"सा, प, सा? सगळ्या?"

"मग? दुसऱ्या कशा असत्यात?"

तिचा चेहरा उजळला. तिनं समजावून सांगितलं, की दुकानातल्या गिटारी वेगळ्या लावलेल्या असतात, प्रत्येक तार दुसऱ्या सुराला, म्हणून मुलांची बोटं तशी पळतात. "पण तुमची चूक नाही काका. जगात मोठमोठे वादक तुमच्यासारख्या लावतात, आडवं बोट किंवा काचेची नळी सरकवून वाजवतात. लोक ते मुद्दाम शिकायला जातात. तुम्ही आपोआप तिथे पोचलात."

छगनला यातलं अर्धंच समजलं, पण जीवात जीव आला. एवढी वर्षं आपण पहिलीत नव्हतो, दुसऱ्याच शाळेत होतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

तिनं लाल गिटार पुन्हा त्याच्या मांडीवर दिली. "घ्या, लावा तुमच्या पद्धतीनं. सा कुठला घ्यायचा?"

छगननं खुंटीवर हात ठेवला आणि इतक्या वर्षांची सवय त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"बन्सी, सा दे."

म्हटलं आणि त्यानं जीभ चावली. बन्सीनं मान फिरवून पुढच्या खोलीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. बाहेर एक टेम्पो मागे घेत होता आणि कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं. छगनला वाटलं, आता हा उठणार, रिक्षा धरणार आणि पुन्हा कधी हाकेला ओ देणार नाही. वाद्य गेलं, मित्रही गेला. त्याला शब्द परत घ्यायचा होता, पण तो घ्यायचा कसा हे सुचेना.

बन्सीनं डोळे मिटले.

सवय एकट्या छगनलाच थोडी होती? समोर माणूस खुंटीवर हात ठेवून बसला आहे आणि सा मागतो आहे, तर द्यायचा नाही हे बन्सीच्या गळ्याला कधी शिकवलंच नव्हतं. त्याचा कंठ हलला. आधी नुसता वारा आला. मग त्या वाऱ्याच्या तळाशी एक सूर लागला, खोल, खरबरीत, जात्याच्या दगडासारखा जड. थोडा चाचपडला. आणि एका जागी येऊन बसला. बसला तो हललाच नाही.

छगननं भराभर तारा उतरवल्या. तो सूर इतका खाली होता, की लाल गिटारीच्या तारा पार ढिल्या पडल्या आणि गिटारीच्या मानेवरच्या पट्ट्यांवर फडफडू लागल्या. ज्ञानेश्वरी मदतीला धावली. गिटारीच्या टोकाला तिनं सूर दाखवणारं छोटं मशीन चिकटवलं. सूर बरोबर लागला की त्यात हिरवा दिवा लागतो. छगन तार बन्सीच्या सुराशी मिळवत गेला. दोन्ही सूर एक झाले, कानाला अगदी एकजीव झाले, पण दिवा हिरवा होईना.

"हे बिघडलंय का?" छगननं विचारलं.

"नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. तिनं कोपऱ्यातली पेटी ओढली, भाता मारला आणि पांढरी एक दाबली. ती बन्सीच्या सुराखाली पडली. मग काळी एक दाबली. ती वर गेली. ज्ञानेश्वरी पुन्हा पांढरीवर आली, पुन्हा काळीवर. बन्सीनं डोळे उघडले होते आणि तो तिच्या बोटाकडे टक लावून बघत होता. सूर मात्र त्यानं सोडला नव्हता, श्वास घेऊन तो पुन्हा तिथंच येत होता.

"काका," ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "तुमचा सा या दोघींच्या मधे आहे."

"मधी म्हंजी?" छगननं विचारलं.

"म्हणजे पेटीत ती पट्टीच नाही. पेटीवाल्यानं कुठलीही धरली असती, तरी तुम्ही तिच्याशी जुळला नसता."

बन्सीचा सूर थांबला. तो पेटीच्या त्या दोन पट्ट्यांमधल्या फटीकडे पाहत राहिला. केस जाईल न जाईल एवढी फट.

"म्हंजी मी बेसूर न्हवतो?"

"नाही हो! मघापासून तुम्ही कणभर हलला नाहीत. या मशीनचा काटा बघा ना, दगडासारखा एका जागी आहे."

छगननं पाहिलं, की वर्षभर वाकलेले ते खांदे सावकाश वर आले. मांडवभर माणसांसमोर एका खऱ्या सुराला मान खाली घालावी लागली होती, आणि दोष कुणाचाच नव्हता. पेटीवाल्यानं आपली पट्टी धरली, बन्सीनं आपला सा धरला. छगनला वाटलं, आपल्यासमोर कुणीतरी तुरुंगातून सुटून आलं आहे.

"पण तारा फडफडतात," तो म्हणाला. त्याला आता घाई झाली होती.

"लाल गिटार यांच्या सुराला पुरायची नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "एवढ्या खाली जायचं तर लांब मान पाहिजे आणि जाड तारा." ती मागे गेली आणि धूळ झटकत एक गिटार घेऊन आली. मातकट रंगाची, साधी, ना शिंगं ना चमक. बरेच महिने तिला कुणी हात लावला नव्हता. छगननं लाल गिटारीकडे एकदा पाहिलं. ती काय सुंदर होती! लग्नात दुसऱ्याच्या ताटातली जिलबी बघावी तसं त्यानं तिच्याकडे बघून घेतलं आणि मान वळवली.

ज्ञानेश्वरीनं जाड तारा चढवेपर्यंत दोघं मित्र शेजारी शेजारी बसून राहिले. मग गिटार छगनच्या मांडीवर आली. त्याला आता मागावं लागलं नाही. त्यानं खुंटीला हात लावला आणि बन्सीनं सा दिला. त्यानं खालची तार मिळवली, मग पंचम, मग वरचा सा. तारा ताठ उभ्या राहिल्या. ज्ञानेश्वरीनं बटण फिरवलं.

छगननं सगळ्या तारा एकदम सोडल्या.

आवाज म्हणावा असं ते काही नव्हतं. ती जागाच होती. खोली आधी रिकामी होती हे तेव्हा कळलं. भिंतीवरच्या न छेडलेल्या गिटारी बारीक गुंजू लागल्या. पलीकडच्या खोलीत एका पखवाजानं आपणहून हुंकार दिला. सूर काळाही नव्हता, पांढराही नव्हता. दोघींच्या मधल्या फटीतून तो आला होता आणि त्यात सगळे उभे होते. ज्ञानेश्वरीनं दोन्ही हात गालांवर ठेवले. जन्मभर वाद्यांत वाढलेली मुलगी, पण हा सूर तिनंही कधी ऐकला नव्हता. तिच्या अंगावर काटा आलेला छगनला दिसला.

आणि त्या सुरावर बन्सी गाऊ लागला.

चुलीच्या उजेडात गं, माय माझी शिकली,
पहिलं अक्षर लिहून, बोटं राखंत माखली.

हे गाणं त्यानं पांढरी चारमध्ये शेकडो वेळा गायलं होतं. तेव्हा ते मांडव डोक्यावर घ्यायचं. आज ते वर गेलंच नाही. जमिनीलगत राहिलं, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या उंचीवर, आणि छगनला पहिल्यांदाच ती बाई दिसली. इतकी वर्षं नुसते टाळ्यांत रमलो, त्याला वाटलं, ही माउली अशी बसली होती हे कधी पाहिलंच नाही. तो बोट सरकवत राहिला. एकच बोट. त्याला स्वतःचा हात परका वाटत होता. आपण काही करत नाही आहोत, जे चाललं आहे त्याला फक्त धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच आपलं काम, असं त्याला वाटलं.

गाणं संपलं. गिटारीचा सूर त्यानंतरही राहिला. दुकानाच्या दारात रस्त्यावरची माणसं जमली होती. टेम्पोवालाही इंजिन बंद करून उभा होता. कुणीच टाळी वाजवली नाही. टाळी वाजवली तर काहीतरी फुटेल असं बहुतेक सगळ्यांना वाटलं.

"हीच," बन्सी म्हणाला. चपलेबद्दल सांगायचा तसंच.

गिटार बांधताना ज्ञानेश्वरीनं सांगितलं, "काका, नव्या तारा आहेत. घरी जाईपर्यंत उतरतील. पहिले काही दिवस रोज लावाव्या लागतील, आणि हा सूर कुठल्याच मशीनवर मिळायचा नाही. एक करूया का? यांचा सा मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून देते. म्हणजे तुम्हाला कधीही लावता येईल, यांना रोज त्रास नको."

सोय उत्तम होती. सायली असती तर लगेच हो म्हणाली असती. छगननं मोबाईल खिशातून काढला, तिच्यापुढे धरला, आणि मध्येच हात मागे घेतला.

"नको," तो म्हणाला.

"अहो, एक मिनिटाचं काम आहे."

"नको पोरी. मानूस हाय की जिता. मोबाईलला कशाला मागू?"

बन्सीनं त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "म्हंजी मी रोज यायचं का तुझ्या दारी?"

"मग? गिटार काय माझ्या एकट्याची हाय?"

"लई शाना झालायस," बन्सी म्हणाला. पण रिक्षात बसताना गिटार त्यानं आपल्या मांडीवर घेतली आणि भिंगार येईपर्यंत छगनला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तसा छगन ओट्यावर येऊन बसला. कुत्र्याला उठवलं. गिटार मांडीवर घेतली, अँपची वायर खिडकीतून ओढली. तारा खरंच उतरल्या होत्या. छेडल्या तर सगळा सावळागोंधळ. त्यानं कालचा सूर आठवून पाहिला, गुणगुणून पाहिला, पण तो काही केल्या सापडेना. फट इतकी बारीक होती, की बन्सीखेरीज कुणाला तिथं शिरताच येत नव्हतं.

"नुसते काय बसलाय?" सुरेखा आतून म्हणाली. "वाजवा की. सगळी आळी वाट बघतीय."

"सा यायचाय अजून," छगन म्हणाला.

तो रस्त्याकडे बघत राहिला. काल दुकानात गायला, ते भरात गायला. आज येईल का? वर्षभर घरी बसलेला माणूस. रात्रीतून पुन्हा मांडव आठवला असेल, ती रांग आठवली असेल. उन्हाची तिरीप ओट्यावरून खाली उतरली. समोरच्या पिंपळावर चिमण्यांचा कालवा सुरू झाला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बन्सी येताना दिसला. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट, कार्यक्रमाला घालायचा तो. जय भीम नाही, काही नाही. फाटकाशीच थांबला, डोळे मिटले आणि तिथूनच सा दिला.

छगननं घाईघाईनं खुंटी धरली. पण तार मिळवताना त्याचा हात थबकला. त्यानं नीट ऐकलं, आणि ऐकताच कालच्या सुराची जागा आपोआप आठवली. सा कालच्या जागेवर नव्हता. वर यायचं नाव न घेणारा तो आवाज केसभर वर आला होता.

त्यानं बन्सीकडे पाहिलं. बन्सीला त्याचा पत्ता नव्हता. एक पाय वर करून तो चप्पल काढत होता आणि सूर तसाच धरून होता. छगननं खुंटी आणखी थोडी पिळली आणि तार वर नेऊन बन्सीपाशी उभी केली.